भोंगा पार्टीचा एकच नियम

माझ्या मैत्रिणीच्या, लताच्या गोठ्यात तेव्हा एकच म्हैस उरलेली. बाकीच्या तिच्या बापसानं विकून टाकलेल्या, आणि ही एक म्हातारी, आटलेली, कुणी घेतली नाय म्हणून राहिलेली. त्या म्हशीच्या शेजारी, शेणाच्या वासात आणि पेंढ्याच्या धुळीत आमची वाजवायची पार्टी जन्माला आली. माझी नात सई आता डोंबिवलीला शाळेतल्या मैत्रिणींबरोबर बँड करते, काळे कपडे घालून, कुणाच्या तरी बंद गाळ्यात शटर अर्धं खाली ओढून. तिचं म्हणणं, याला रॉक म्हणतात, आणि गाणी आपली स्वतःची असावी लागतात, दुसऱ्याची वाजवली की तो ऑर्केस्ट्रा. मी तिला म्हटलं, मग आमचं पण तेच होतं गो, फक्त आम्हाला कुणी नाव सांगितलं नव्हतं. ती हसली. "आजी, तू आणि रॉक?" म्हणाली. हसू दे. पण मग विचारायला लागली की तू सोडलंस का, आणि त्याचं उत्तर मी इतकी वर्षं कुणाला दिलं नव्हतं. तिच्या आईला पण नाय.

आमचं घर मोहन्याच्या जुन्या गावात, कंपनीच्या भिंतीपासून हाकेवर. बापूस कंपनीत कामाला. घरात घड्याळ नव्हतं, लागायचंच नाय, कंपनीचा भोंगा होता. सकाळच्या भोंग्याला आय तवा ठेवायची आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला घ्यायची. थपथप ऐकू आली की आम्ही पोरं उठायचो. दुपारच्या भोंग्याला बापूस येऊन पडवीत बसायचा, काय बोलायचा नाय, पाय धुवायचा आणि थाळीची वाट बघायचा. जवळा नायतर सुकट, वालाचं बिरडं, कधी नदीची मासळी. आय त्याच्या थाळीत पहिली भाकरी टाकायची ती नेहमी मधोमध फुगलेली, आमच्या वाट्याला कडेच्या. शाळा माझी सातवीला सुटली. सुटली म्हणजे आयनं सोडवली. मागं दोन भाव लहान, नदीवर धुणं, वर शेणी थापायच्या. मला वाईट वाटलं ते पुस्तकाचं नाय. सुरेखा, लता, बेबी, आम्ही चौघी एका बाकावर बसायचो, त्या बाकाचं वाईट वाटलं.

आमच्याकडे बाईला कावळा शिवला की चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात. वेगळं गोणपाट, वेगळी थाळी, एक ठेचका पेला. पाचव्या दिवशी डोक्यावरनं पाणी, की परत चूल. आजच्या पोरींना हे सांगितलं की तोंडं वाकडी करतात, पण आम्हाला ते पावसाळ्यासारखं होतं, येतं आणि जातं. आयला माझे दिवस माझ्याआधी ठावे असायचे. "परवा बसशील गो, आजच तांदूळ निवडून ठेव," असं म्हणायची आणि तिचं कधी चुकायचं नाय. कुठं लिहिलेलं नसायचं. तिला लिहिता येतच नव्हतं.

बेंजो माझ्या काकाचा. काका कल्याणच्या एका बेंजो पार्टीत होता, गणपतीत, हळदीला वाजवायचा. तो वारल्यावर बेंजो माळ्यावर पडला, उंदरांनी पेटीचा कोपरा खाल्ला, बोटानं दाबायच्या तीन चाव्या पडल्या. मी तो उतरवला. चाव्यांच्या जागी सायकलच्या तारेचे तुकडे बसवले, वर शर्टाची बटणं चिकटवली. तारा छेडायला साबणाच्या डबीचा तुकडा कापून घेतला. शिकवायला कुणी नव्हतं. आय सारवताना जे गुणगुणायची, ते शोधत शोधत डाव्या हाताची बोटं चालवायची. एक दिवस सापडलं, आणि सापडलं तसं हातातनं गेलं नाय परत.

सुरेखा कंपनीच्या कॉर्टरमध्ये राहायची, तिचा बाप कंपनीच्या ऑफिसात. गोरी, बोलायला पुढं, गाता गळा. तिच्या ठाण्याच्या मामानं तिला एक गिटार दिलेली, सहा तारांची म्हणतात, पण तिची एक तार तुटलेली आणि ती घ्यायला जायचं कुणाला जमलं नाय, म्हणून ती पाचच तारांवर शिकली. लताच्या भावाचा मंडपाचा धंदा, त्याच्याकडनं एक कर्णा आणि एक खरखरणारा अँप्लीफायर मिळायचा. लता खंजिरी वाजवायची आणि सुरेखाच्या मागनं गायची. बेबी ढोल. शाळेच्या बँडमधला फुटका ढोल तिनं शिपायाला भजी खायला घालून मागून आणला, आणि चामडं स्वतः बदललं. सगळ्यात कमी बोलायची बेबी. वाजवताना जीभ बाहेर काढायची.

भोंगा पार्टी हे नाव मीच दिलं. पहिल्या दिवशी आम्ही जमलो आणि सुरेखा म्हणाली, चला, सुरू कशानं करायचं? तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला, लांबच्या लांब. मी बेंजोवर तोच सूर धरला आणि भोंगा थांबला तरी सोडला नाय. बेबीनं त्याच्यावर ढोल घातला. म्हैस उठून उभी राहिली. सुरेखा ओरडली, "हेच! हेच ते!" ते आमचं पहिलं गाणं. चाल माझी, शब्द सुरेखाचे. "भोंगा झाला, ऊठ गं बाई, चुलीआधी सूर लाव." रोज दुपारी बापूस जेवून झोपला की मी शेणी थापायच्या नावानं निघायची. शेणी पण थापायची, खोटं नाय. गोठ्यातच थापायची.

आता नियमाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. टिटवाळ्याच्या बाजूला एका घरी पूजा होती, तिथं आम्हाला बोलावलेलं. सकाळीच बेबीच्या आईनं तिला बाजूला बसवलं. पूजेच्या घरी कशी जाणार? आम्ही तिघी ढोलाशिवाय गेलो आणि इतकं वाईट झालं की त्या घरच्या म्हातारीनं मध्येच हात जोडले, "पुरे गं पोरींनो, प्रसाद घ्या आणि जा." पोरांच्या पार्टीला ही अडचण नसते. आम्ही चौघी, महिन्याचे दिवस तीस, आणि बोलावणारे सगळे देवाधर्माचे. म्हणजे दर वेळी एक ना एक गळणार. दुसऱ्या दिवशी सुरेखा गोठ्यात म्हणाली, "आजपासून एकच नियम. गोठ्यात कावळ्याचं नाव नाही. कुणाला शिवला तर सांगायचं नाही, बाकीच्यांनी विचारायचं नाही. आणि बाहेरच्या कुणाला तर मेलो तरी सांगायचं नाही."

लता घाबरली. "पाप लागेल गो."

"देवी कोण आहे? बाईच ना? तिला कोण बाजूला बसवतं?"

"देवीचं वेगळं."

"काय वेगळं? दाखव."

लता म्हशीला पेंढा घालायला लागली. बेबी म्हणाली, "शपथ कुणाची घेऊया? देवाची घेतली तर देवाला कळेल." म्हणून आम्ही चौघींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. म्हशीनं शेपटी मारली ती माझ्या तोंडावर बसली आणि सगळ्या हसून लोळल्या. मी घरी आयपासून लपवू शकत नव्हते, ते माझं मी बघून घ्यायची. कोपऱ्यात असले की जायचंच नाय, आणि त्या पण विचारायच्या नायत. पण त्या तिघींचं मला कळायचं. सुरेखा पोट धरून बसायची, गूळ मागायची. आम्ही गूळ द्यायचो आणि विचारायचो नाय.

त्या वर्षी मला दिव्याचं, म्हणजे दिवा गावचं, एक स्थळ आलेलं. मुलाला नोकरी, घर स्वतःचं, दोन बहिणी उजवलेल्या. मी मुलाला बघितलेलं पण नाय. आयला ते फार मनात बसलेलं. तेवढ्यात सुरेखाच्या मामानं बोलावणं धाडलं. ठाण्याला, टेंभी नाक्याच्या पुढच्या एका गल्लीत त्यांची छोटी देवी बसायची. पाचव्या माळेला दुपारी बायकांचं हळदीकुंकू, त्यात पोरींची पार्टी वाजवू दे, नवीन काहीतरी होईल, असं मामा म्हणाले. मी बापसाला विचारायला घाबरत होते. तो थाळीवर बसलेला, मी पाणी घेऊन उभी.

"ठाण्याला?" तो म्हणाला. "देवीपुडं?"

"हो बाबा. लताच्या भावाच्या टेंपोतनं. तुम्ही पण चला."

आय चुलीजवळनं म्हणाली, "आता कय ते वाजवत फिरायचा वय हाय? दिव्याची मानसं कय बोलतील?"

बापसानं भाकरी मोडली. नवरात्रात घरात मासळी बंद, वालाची आमटी होती. घास आमटीत बुडवून खाल्ला. मग म्हणाला, "जाव दे. देवीपुडं वाजवल. देवीनं ठेवून घेतला, तर दोन वर्सा हिच्या लग्नाचा नाव काडाचा नाय. नाय ठेवून घेतला, तर दिव्याला होय सांगाचा."

बापूस असा बोलायचा नाय कधी. दोन वर्षं! मी त्या दिवशी भांडी घासताना राखेत बोटं चालवत होते. दोन वर्षांत किती गाणी होतील ते मोजत होते. कोपऱ्याची चिंता नव्हती, माझे दिवस घट बसायच्या आधी होऊन गेलेले. आयनंच माझ्या डोक्यावर पाणी घातलेलं.

सुरेखा आदल्या दिवशीच मामाकडे राहायला गेली. त्याच्या आदल्या दुपारी ती गोठ्यात पोट धरून बसलेली. लतानं तिला गूळ दिला. कुणी काय विचारलं नाय.

आम्ही पाचव्या माळेला टेंपोत बसून निघालो, बांबूंच्या आणि कापडाच्या गाठोड्यांच्या मध्ये, बापूस पुढं लताच्या भावाशेजारी धुतलेली टोपी घालून. मांडीवर बेंजो, आयच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. मामाचं घर मांडवाला लागूनच, चाळीत, दोन खोल्या. आत शिरलो तर पुरणाचा वास, वेलचीचा वास, आणि सुरेखा खाली बसून पोळ्या लाटत होती, कोपरापर्यंत पीठ. पाच वाजता देवीला नैवेद्य जायचा होता. तिच्या मामाचा पोरगा दिलीप दाराशी एक काळी पेटी घेऊन बसलेला. कॅसिओ म्हणाला. बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की ढोल. बेबी म्हणाली, "मग तुला माणसं कशाला लागतात रे?" तो लाजला. चांगला पोरगा होता, त्याच्याबद्दल माझ्या मनात काय नाय.

आम्ही साड्या नेसत होतो तेव्हा मामी मोरीतनं बाहेर आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मोरीत दगडाच्या मागं फडकं वाळत घातलंय. कुणाचं?"

सुरेखाचं लाटणं पोळीवर थांबलं.

"अगं, सकाळपासून पुरण शिजतंय या घरात. देवीच्या तोंडी जायचंय ते. कोण आहे तुमच्यातलं? पटकन सांगा, मी ओरडणार नाही."

आम्ही तिघी येऊन घटकाच झालेली. मोरीत आम्हा तिघींतली कुणी गेली पण नव्हती. हे मामींना कळायला पाहिजे होतं. कळलं पण असेल, भाचीच्या हातातलं लाटणं बघून त्यांनी कळू दिलं नसेल. मी सुरेखाकडे बघितलं. तिचं तोंड पोळीच्या पिठासारखं झालेलं. तिनं खरं सांगितलं असतं तर सगळं पुरण टाकायला लागलं असतं, मांडवातल्या बायकांना कळलं असतं, मामाची मंडळातली लाज गेली असती. ती घाबरली हे मला तेव्हाच कळलं, आणि आज पण मी तेवढं तिचं धरते. पण मग तिनं मान वर केली, आमच्या तिघींवरनं डोळे फिरवले, लतावर, बेबीवर, आणि माझ्यावर येऊन थांबवले. मी नंतर किती वर्षं त्या डोळ्यांचा हिशोब लावला. लताचं नाव घेतलं तर भावाचा टेंपो जाईल, कर्णा जाईल. बेबीचं घेतलं तर ढोल कोण वाजवणार? बेंजोच्या जागी कॅसिओ दाराशी बसलेला.

"मामी," ती म्हणाली, "हिराला परवापासून बरं नाहीये."

"बरं नाही म्हणजे?"

"म्हणजे... तेच."

मामींनी माझ्याकडे बघितलं. "काय गं? खरं का?"

माझ्या जिभेवर "मी नाय" आलेलं. पण त्याच्या पुढचा सवाल मला दिसत होता, मग कोण? आणि त्याचं उत्तर फक्त एक होतं, ते आम्हा चौघींना ठाऊक होतं. म्हशीच्या पाठीवर माझा हात होता. मेलो तरी सांगायचं नाय. लता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, जसं काय तिला तारीख पाहिजे होती. बेबी ढोलाची दोरी आवळत होती, आवळलेलीच परत आवळत होती. मी हो म्हटलं नाय. नाय पण म्हटलं नाय. त्या काळी पोरगी गप्प राहिली की लोक हो समजायचे.

मामींनी गोमूत्र शिंपडलं, ओट्यावर, भांड्यांवर, आणि थोडं लांबनं माझ्या दिशेला. मामा बाहेर जाऊन बापसाला काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाय, हात जोडलेले तेवढे दिसले. बापूस आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल गो." मी बेंजो उचलला. मामी म्हणाल्या तो पण ने, तुझ्या हातचा आहे.

टेंपो कार्यक्रम झाल्याशिवाय निघणार नव्हता. म्हणून मी मागं बसले, रिकाम्या टेंपोत, पडदा ओढून, आणि बापूस खाली उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. टोपी काढून हातात धरलेली. मांडवात बायकांचा गलका, बांगड्या, कुणीतरी माईकवर हॅलो हॅलो केलं. मग आमचं गाणं सुरू झालं. भोंग्याचा लांब सूर, पण बेंजोचा नाय, त्या पेटीचा, गुळगुळीत, कुठं खरखर नाय. मी म्हटलं, आता पुढं चुकेल. कडव्याच्या शेवटी मी एक सूर उलटा घेऊन परत यायची, आयच्या सारवण्याच्या गाण्यातला, तो कुणाला पहिल्यांदा ऐकून यायचा नाय. दिलीपनं तो घेतला. दुसऱ्या कडव्याला पण घेतला. एका घटकेत शिकलेलं नव्हतं ते. माझी डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती आणि तो पोरगा माझ्या बोटांच्या बरोबरीनं वाजवत होता.

टाळ्या पडल्या, फार पडल्या. बापूस तसाच पाठमोरा म्हणाला, "देवीनं नाय ठेवून घेतला गो." रागानं नाय म्हणाला. माझ्यासाठी वाईट वाटून म्हणाला, आणि त्याचंच मला जास्त लागलं, कारण देवीचा याच्यात काय संबंध नव्हता.

घरी पोचलो तर दिवेलागणीची वेळ. बापसानं आयला दोन शब्दांत सांगितलं आणि नदीवर आंघोळीला गेला. मी दारात उभी. मला वाटलं आता आय बोलेल. तिला ठाऊक होतं. तिनंच पाणी घातलेलं, पंधरा दिवस पण झाले नव्हते. ती आत गेली आणि गोणपाट घेऊन आली. कोपऱ्यात टाकलं. ठेचका पेला आणला, पाणी उंचावरनं ओतलं, हात लागू नये असं.

"आय," मी म्हटलं, "मी नाय बसलेली. तुला ठावं हाय ना?"

तिनं बाहेर बघितलं, बापूस लांब गेला का ते. मग माझ्यापासून दोन हातांवर उकिडवी बसली. "मना ठावं हाय."

"मग बाबाला सांग ना. त्यांनी दोन वर्सा दिलेली."

"सांगून कय? दोन वर्सांनी दिव्याचा पोर थांबनार हाय? बेंजो तुला भाकर घालनार हाय?" उठता उठता म्हणाली, "चार दिवस बस. कय मरत नाय."

मी बसले. चार दिवस बसले, सोवळी, त्या कोपऱ्यात. आय थाळी सरकवायची लांबनं, हात न लावता. बापसासमोर ठीक होतं. पण सकाळी तो कामाला गेला, भाव शाळेत गेले, घरात आम्ही दोघीच, तरी ती तशीच लांबनं सरकवायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा तरी जवळ येऊन थाळी देईल, असं वाटायचं. भाकरी मात्र त्या चार दिवसांत मधोमध फुगलेली यायची, बापसाच्या वाटची. मी खायची. भूक लागते माणसाला.

तिसऱ्या दिवशी सुरेखा आली, देवीचा प्रसाद घेऊन. अंगणात उभी राहिली. आयनं विचारलं, "कय गो?" ती म्हणाली, "काकू, हिराला प्रसाद." आणि पडवीच्या कडेला आली, वाकली, आणि केळीच्या पानाची पुडी जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरकली. मागं सरकली! मला शिवेल म्हणून. आय दारात उभी राहून बघत होती. त्या पडवीत आम्ही तिघी बायका, तिघींना खरं ठाऊक, आणि तिघी खोटं पाळत होतो, जसं काय वरनं कुणी तपासायला येणार होतं.

मी एवढंच विचारलं, "दिलीपला चाल कधी शिकवलीस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो मागं लागलेला... आदल्या रात्री. नुसतं असंच. मला काय माहीत असं होईल?"

"उलटा सूर पण शिकवलास."

"हिरा, मंडळानं नवव्या माळेला परत बोलावलंय. तू ये. मी सांगते मामीला."

"कय सांगशील?"

तिनं बोटाचा पदर सोडला. मग रडायला लागली, आणि आय तिला म्हणाली, "जा गो तू घरी, सांज झाली." सांज झाली नव्हती. पुडीत पुरणाची पोळी होती, तिच्याच हातची. मी ती लताच्या म्हशीला घालायला ठेवली, पण कोपरा सुटेपर्यंत मुंग्या लागल्या.

ती मला परत भेटली ती आताआता, कल्याणला एका हॉलमध्ये लग्नात. मला ओळखून जवळ आली, हात धरला, या वेळी धरला. म्हणाली, "तू त्या दिवशी बोलली का नाहीस गं? मी रोज वाट बघायचे की तू कुणाला तरी सांगशील." मी म्हटलं, नियम तू केलेलास. एवढंच बोलणं झालं, मग पंगत बसली. सई मला म्हणते, आजी तू वेडी होतीस, मी असते तर तिथंच बोलले असते. खरं असेल. तिच्या मैत्रिणी दिव्याला घरी येतात तेव्हा दारातनंच ओरडतात, "आजी, पॅड आहे का?" आणि तसंच देवीच्या मांडवात वाजवायला जातात. मी काढून देते. मला बरं वाटतं, आणि कुठंतरी दुखतं पण.

पाचव्या दिवशी आयनं माझ्या डोक्यावर पाणी घातलं. आधीच सोवळी होते, तरी सात तांबे घातले, मोजून. दुपारी भोंगा झाला, मी शेणी थापायला गेले, पण आमच्याच अंगणात. बेंजो परत माळ्यावर गेला. लता एकदा येऊन उंबऱ्यावर बसली आणि उठून गेली. पार्टी त्या पोरींनी पुढं दोन ठिकाणी वाजवली असं ऐकलं, मग सुरेखाच्या बापाची बदली झाली आणि ते पण संपलं.

दिव्याला होय गेलं. दिवाळीच्या आत साखरपुडा ठरला. सकाळपासून घरात पाहुणे, अंगणात मांडव, आय पहाटेपासून उभी. मला न्हाऊन हिरवी साडी नेसायची होती, देव्हाऱ्यापुढं बसायचं होतं, सासूच्या हातनं ओटी घ्यायची होती. आणि मी मोरीत गेले तर कळलं. आयनं दोन दिवस आधी सांगितलं असतं एरवी, पण या वेळी तिनं सांगितलं नव्हतं.

मी काय केलं, तर सरळ पडवीत गेले, गोणपाट काढलं आणि कोपऱ्यात टाकून बसले. मला वाटलं, बघू आता काय करतेस. सोळा वर्षांची होते, तेवढाच सूड मला सुचला. आयनं आतनं बघितलं, हातातली परात खाली ठेवली आणि आली. या वेळी दोन हातांवर नाय थांबली. सरळ जवळ आली, माझ्या दंडाला धरून मला उठवलं, गोणपाट पायानं दाराआड सारलं. तिचा हात गरम होता, पिठाचा होता. माझ्या कानाशी तोंड आणलं.

"उठ. मानसं आली हायत. कोनला सांगू नको."

"आय, देव्हाऱ्यापुडं..."

"देवाला कय कलत नाय. गप बस."

मी बसले देव्हाऱ्यापुढं. सासूनं कुंकू लावलं, ओटी भरली, नारळ पदरात टाकला. आय समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी बोलते की काय म्हणून. मी बोलले नाय. ते मला येत होतं.